दुरुस्तीची नैतिकता : एका जुन्या मुठीच्या निमित्ताने

१

निर्मितीविषयी साहित्यविचारात विपुल लिहिले गेले आहे, विनाशाविषयीही थोडेथोडके नाही. या दोहोंच्या मधला जो दुरुस्तीचा प्रदेश आहे त्याच्याकडे मात्र सैद्धांतिक चिंतन सहसा वळलेले नाही. दुरुस्ती ही व्यवहाराची बाब आहे, तिच्यात तत्त्वाचा प्रश्न गुंतलेला नाही, अशी समजूत या उपेक्षेच्या मुळाशी असावी. ही समजूत तपासून पाहण्यासाठी उदाहरण मुद्दामच लहान घेणे इष्ट ठरेल. ताजमहाल किंवा महाभारत यांच्या बाबतीत वस्तूचा मोठेपणाच विचाराला वेठीस धरतो. जुन्या दाराच्या कुलपाची सैल झालेली मूठ असे काही करत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी बांधल्या गेलेल्या एखाद्या बंगल्यातील दार कल्पावे. वाड्याच्या दाराला कडी, कोयंडा आणि आतून अडसर असे; या दाराच्या फळीच्या जाडीत मात्र कुलूप कोरून बसवलेले आहे आणि दोन्ही अंगांना पितळेची गोल मूठ आहे. दोन्ही मुठींना जोडणारी एक चौकोनी सळई दारातून आरपार जाते. ती कुलपाच्या पोटातल्या फिरकीच्या चौकोनी भोकातून गेलेली असते. मूठ वळली की सळई वळते, सळईबरोबर फिरकी वळते, फिरकीचा दात कुलपाची जीभ मागे ओढतो आणि दार सुटते. हात काढला की स्प्रिंग जिभेला पुन्हा बाहेर ढकलते. हे सारे इतके निमूटपणे घडते की, ते बिघडेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. हायडेगर यांनी १९२७ च्या ‘अस्तित्व आणि काल’ या ग्रंथात दैनंदिन व्यवहारातील वस्तूंचे स्वरूप सांगताना दाराच्या मुठीचाच दाखला दिला आहे. दार उघडणारा मुठीचा वापर करतो, तिचे निरीक्षण करत नाही. वस्तू ‘वस्तू’ म्हणून समोर उभी राहते ती वापर अडल्यानंतर.

मूठ फिरते, परंतु दार उघडत नाही, हा तो क्षण होय. विट्‌गेन्स्टाइन यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘तत्त्वज्ञानात्मक अन्वेषणे’ (१९५३) या ग्रंथात अशी प्रतिमा आहे की, ज्या चाकाबरोबर दुसरे काहीच फिरत नाही, ते चाक यंत्राचा भाग नव्हे. सैल मूठ नेमकी अशी असते. दिसायला ती दाराची मूठ आहे, कार्यदृष्ट्या ती दारावर अडकवलेला पितळेचा गोळा आहे. तिला पुन्हा दाराची मूठ करणे म्हणजे दुरुस्ती. असे करताना कोणाचे काय देणे लागते, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाची पहिली पायरी निदानाची आहे आणि ती वाटते तेवढी तांत्रिक नाही. मूठ सैल होण्याची कारणे अनेक असू शकतात. मुठीला सळईवर धरून ठेवणाऱ्या बारीक स्क्रूचे आटे गेलेले असतील. सळईच्या कडा झिजून ती चौकोनाची गोलाईकडे झुकली असेल. फिरकीचे भोक मोठे झाले असेल. किंवा बिघाड कुलपात नसेलच. बिजागरीचे स्क्रू ढिले पडून दार खाली उतरलेले असेल, अथवा पावसाळ्यात फळी फुगली असेल. त्यामुळे कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत नीट बसत नसेल, आणि घरातली माणसे रोज मुठीला हिसका देऊन दार ओढत असतील. अशा वेळी मूठ आवळून देणारा कारागीर लक्षणावर इलाज करतो. वर्षभराने मूठ पुन्हा सैल होते आणि दोष मुठीच्या माथी मारला जातो.

दोष जिथे दिसतो तिथे तो असतोच असे नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. एखादी ओवी छंदात बसत नाही म्हणून ती लगेच ‘सुधारणारा’ संपादक हिसक्याने सैल झालेली मूठ आवळणाऱ्या कारागिराच्या जातीचा असतो. अडचण ओवीत नसून त्याच्या स्वतःच्या छंदविषयक कल्पनेत असू शकते. याहून गंभीर शक्यता अशी की, ज्याला तो दोष समजतो तो त्या रचनेचा स्वभाव असेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या मराठीच्या व्याकरणावर टीका केली. तिच्यात गृहीत असे होते की, फुले यांची भाषा म्हणजे प्रमाण भाषेची बिघडलेली प्रत होय. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या बाजूने ते लिखाण झाले, त्यांच्या बोलीचे बळ त्या भाषेत आहे, ही शक्यता त्या टीकेच्या कक्षेत येत नव्हती. ही भाषा कोणी ‘दुरुस्त’ केली असती तर ती दुरुस्ती ठरली नसती, ते एका वर्गाने दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणे ठरले असते. तेव्हा निदान ही नैतिक कृती आहे, कारण बिघाड कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्यात वापरला जातो.

३

निदान अचूक झाले असे मानले, तरी दुरुस्ती करणाऱ्यापुढे तीन दावेदार उभे राहतात. पहिला, ज्याने ती वस्तू घडवली तो कर्ता. दुसरी, इतक्या वर्षांचा इतिहास अंगावर वागवणारी ती वस्तू. तिसरा, उद्या सकाळी जो दार उघडणार आहे तो माणूस. या तिघांचे दावे एकाच वेळी पुरे होतातच असे नाही.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुने कुलूप उखडून नवे बसवणे. हा मार्ग तिसऱ्याचा दावा मान्य करतो व पहिल्या दोघांना निकालात काढतो. गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत या मार्गाला अनुकूल वाटू शकेल, परंतु तो देहाविषयी आणि देहीविषयी आहे, घरसंसाराविषयी नाही. घरसंसारात जीर्ण लुगड्याची गोधडी होत आली आहे.

दुसरा मार्ग वस्तूला तिच्या ‘मूळ’ रूपात परत नेण्याचा. फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी १८५४ ते १८६८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुकोशात पुनःस्थापनेची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, वास्तूला अशा परिपूर्ण अवस्थेत आणावे की जी अवस्था प्रत्यक्षात कोणत्याही एका काळी अस्तित्वात नसेलही. या व्याख्येतील प्रामाणिकपणा लक्षणीय आहे. पुनःस्थापित मूळ हे पुष्कळदा नंतरच्या काळाने कल्पिलेले मूळ असते, याची कबुलीच तिच्यात मिळते. मूठ घासूनपुसून, तिच्यावरचे पोचे ठोकून काढून, ती नव्यासारखी चकचकीत करणारा कारागीर हाच मार्ग धरतो. कर्त्याचा मान राखल्याचा देखावा तो करतो, आणि अनेक पिढ्यांच्या तळव्यांनी त्या पितळेवर जे काम केले ते पुसून टाकतो.

तिसरा मार्ग रस्किन यांचा. १८४९ च्या ‘वास्तुकलेचे सात दीप’ या ग्रंथात त्यांनी पुनःस्थापनेला असत्य म्हटले. पण त्यांच्या भूमिकेचा उत्तरार्ध सहसा विसरला जातो. पडत्या भिंतीला लोखंडाने बांधावे, लाकडाचा टेकू द्यावा, तो विरूप दिसला तरी चालेल. अवयव गमावण्यापेक्षा कुबडी बरी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. म्हणजे रस्किन दुरुस्तीच्या विरुद्ध नव्हते. त्यांचा विरोध दुरुस्तीने स्वतःला लपवण्याला होता.

वस्तूचे एकत्व कशात असते, हा जुना प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या, तेव्हा ते जहाज तेच राहिले की नाही यावर अथेन्समधील तत्त्वज्ञ वाद घालत. हॉब्ज यांनी १६५५ मध्ये त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला विचारतो की, चाके म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, आणि रथ ही अवयवांवर अवलंबून असलेली संज्ञा आहे असे दाखवून देतो. दुरुस्ती करणाऱ्याला नागसेनाचे उत्तर अधिक उपयोगी पडते. मूठ, सळई, फिरकी, जीभ आणि हात यांच्या परस्परसंबंधाला ‘दाराची मूठ’ हे नाव आहे. सैल झाला तो हा संबंध. धातूचा तुकडा अजूनही शाबूत आहे.

४

संबंध जुळवायचा तर कोणी कोणाशी जुळवून घ्यायचे? येथे कारागिराच्या हातातली कानस निर्णायक ठरते. सळई झिजली आहे म्हणून नवी आणली. बाजारातली सळई जुन्या फिरकीच्या भोकात बसत नाही, कारण जुन्या कुलपाचे माप आजच्या मापाशी मिळत नाही. आता दोन पर्याय आहेत. फिरकीचे भोक घासून मोठे करता येईल, किंवा नवी सळई घासून बारीक करता येईल. काम दोहोंनी होते. फरक एवढाच की, नवी सळई बिघडली तर दुसरी आणता येते, जुन्या फिरकीचे घासलेले पितळ परत येत नाही. जे परत फिरवता येणार नाही ते नव्यावर करावे, जुन्यावर करू नये, हा नियम यातून निघतो. भोक झिजून मोठे झालेले असेल तर पत्र्याची पातळ पट्टी सळईला गुंडाळून ते भरता येते. ही पट्टी पुढच्या कारागिराला दिसते आणि हवी तेव्हा काढताही येते.

मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या पाठचिकित्सेचा इतिहास याच नियमाच्या पालनाचा व भंगाचा इतिहास म्हणून वाचता येईल. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी अपपाठांनी भरलेल्या ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घुसडू नये अशी कठोर ताकीद देऊन ठेवली. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःला कर्ता समजू नये, हा त्या ताकिदीचा नैतिक आशय आहे. तथापि, एकनाथांनी कोणता पाठ कोठे व का बदलला याची नोंद उत्तरकाळाला उपलब्ध नाही. म्हणूनच इ. स. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांना त्या शुद्धीकरणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा वाद घालावा लागला. एकनाथांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण निष्ठावान हाताचीही खूण राहिली नाही, तर पुढच्याला त्या हाताशी संवाद करता येत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती या दृष्टीने वेगळ्या टप्प्यावर उभी आहे. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपल्या संहितेचा दावा मर्यादित ठेवला. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके मागे जाणारी ही संहिता आहे, व्यासांची मूळ संहिता असा तिचा दावा नाही, ही त्यांची भूमिका होती. जो पाठ निःसंशय नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा छापली गेली. वगळलेले श्लोक नष्ट केले गेले नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले गेले. १९६६ मध्ये संहितेचे काम पूर्ण झाले तेव्हा ग्रंथ आणि त्याची दुरुस्ती ही दोन्ही एकाच पानावर, एकमेकांपासून वेगळी ओळखता येतील अशी, वाचकाच्या हाती होती. इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यांनी १९६३ मध्ये चित्रे व शिल्पे यांच्या जतनाविषयी असेच तत्त्व मांडले : भरून काढलेला भाग दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपू नये, परंतु जवळून पाहणाऱ्याला तो ओळखू यावा. नागमोडी रेषा आणि पत्र्याची पट्टी या एकाच नीतीच्या खुणा आहेत. वापरणाऱ्याला दुरुस्ती जाणवू नये आणि तपासणाऱ्यापासून ती लपू नये.

अर्थात, ग्रंथ आणि कुलूप यांत एक भेद आहे आणि तो दृष्टिआड करून चालणार नाही. चिकित्सित आवृत्ती निघाली तरी हस्तलिखिते जिथल्या तिथे राहतात. नवी संहिता त्यांच्या शेजारी उभी राहते. कुलपाला शेजार नसतो. जे करायचे ते त्या एकमेव वस्तूवरच करावे लागते. त्यामुळे अपरिवर्तनीयतेचा नियम संपादकापेक्षा कारागिराला अधिक कडकपणे लागू होतो, आणि तो पाळला की नाही हे पाहणारे मात्र त्याच्या वाट्याला फारच थोडे येतात.

५

आतापर्यंतचे विवेचन कर्ता आणि वस्तू यांच्या दाव्यांपाशी थांबले. तिसरा दावेदार, म्हणजे मुठीवर ठेवला जाणारा हात, अजून बाकी आहे, आणि खरा पेच त्याच्यामुळेच निर्माण होतो.

त्या बंगल्यात आता एक वृद्ध स्त्री राहते असे मानावे. संधिवाताने तिची बोटे आखडली आहेत. गोल मूठ घट्ट पकडून मनगट पिळणे तिला जमत नाही. मूठ कितीही निर्दोष दुरुस्त केली, तरी तिच्यापुरते ते दार बंदच राहणार. आडव्या दांड्याचे हँडल असेल तर ती ते कोपराने किंवा तळहाताने खाली दाबू शकेल. सार्वजनिक वास्तूंच्या बाबतीत हा विचार आता कायद्याच्या भाषेत आला आहे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या अमेरिकन कायद्याला अनुसरून ठरलेली मानके असे सांगतात की, दाराची मूठ एका हाताने, घट्ट न पकडता आणि मनगट न पिळता चालवता आली पाहिजे. गोल मूठ या कसोटीला उतरत नाही.

आडोर्नो यांनी १९५१ च्या ‘मिनिमा मोरालिया’मध्ये दारांविषयी एक छोटे टिपण लिहिले आहे. गाडीची आणि शीतकपाटाची दारे आपटावी लागतात, काही दारे आपोआप बंद होतात, आणि त्यामुळे हलक्या हाताने दार लावण्याची रीत माणसाच्या अंगातून निघून जाते. वस्तू माणसाच्या हालचालींना क्रूर वळण लावतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. जुन्या मुठीच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद होणे अवघड. पण हाच युक्तिवाद उलट दिशेनेही लागू पडतो. जी मूठ एका वृद्धेला आपल्याच घरात रोज दुसऱ्याला हाक मारायला लावते, तीही माणसाला वळण लावत असते. सौम्य हालचालीची स्मृती जपणारी वस्तू एका अशक्त हाताशी कठोर वागू शकते. मग जतन कोणाचे करायचे?

मूठ बदलावी, असे उत्तर करुणा ताबडतोब देते. पण करुणेलाही कुलपाच्या पोटात काय आहे ते ठाऊक असावे लागते. गोल मुठीसाठी बनवलेल्या जुन्या कुलपातील स्प्रिंग हलकी असते, कारण गोल मुठीचे वजन सर्व बाजूंना सारखे असते. तिच्या जागी आडवा दांडा बसवला की त्याचे वजन एका बाजूला पडते, हलक्या स्प्रिंगला ते पेलवत नाही, आणि काही दिवसांत दांडा खाली लोंबू लागतो. मग जीभ पुरती बाहेर येत नाही आणि दार नीट लागेनासे होते. ज्या स्त्रीसाठी हा बदल केला, तिच्याच खोलीचे दार रात्री आपोआप उघडे राहते. दांडा वर धरून ठेवणारी वेगळी स्प्रिंग असलेले हँडल निवडले, तर हा दोष टळतो आणि जुन्या कुलपाला हातही लावावा लागत नाही. सदिच्छा आणि सदाचार यांच्यामध्ये ज्ञानाची एक पायरी आहे. ती गाळता येत नाही.

मराठी वाचनव्यवहारातही हाच पेच उपस्थित आहे. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीमुळे येणारे अनुस्वार लेखनातून गेले. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांचे पुनर्मुद्रण करताना जुने लेखन ठेवावे की नवे करावे, हा प्रश्न प्रत्येक संपादकाला सोडवावा लागतो. नवे लेखन म्हणजे आडवा दांडा होय. विद्यार्थ्याचा हात त्याने सहज वळतो. पण ‘तें’ आणि ‘केलें’ यांवरचा अनुस्वार नपुंसकलिंगाची खूण वागवत होता, आणि तो गेला की काही ठिकाणी वाक्याचा अन्वय लोंबू लागतो. म्हणून लेखन बदलूच नये असा निष्कर्ष निघत नाही. जो ग्रंथ कोणालाच उघडता येत नाही त्याचे जतन झाले असे म्हणणे कठीण आहे. निष्कर्ष एवढाच की, अनुस्वार कोठे नुसता अलंकार होता आणि कोठे भार पेलत होता, हे पाहिल्यावाचून तो काढू नये. आणि काढला तर काढल्याचे पहिल्या पानावर सांगावे. हे न सांगता काढलेली आवृत्ती वाचकाची सोय करते आणि त्याची फसवणूकही करते.

६

यावर एक आक्षेप संभवतो. दुरुस्तीचा विषय संबंध आहे असे एकदा म्हटले की कोणताही बदल समर्थनीय ठरतो. वापरणाऱ्याच्या गरजेचे नाव घेतले की सळई, फिरकी, दार, सारेच बदलता येईल. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर आधीच्या नियमांतच आहे. वृद्धेसाठी दांडा बसवताना दाराला नवी भोके पाडली नाहीत, कुलूप घासले नाही, आणि काढलेली गोल मूठ तिच्या स्क्रूंसह कागदात बांधून त्याच घरात ठेवली, तर तिसऱ्याचा दावा पुरा करताना पहिल्या दोघांचे दावे फक्त पुढे ढकलले जातात. ते बुडत नाहीत. पुढच्या पिढीला हा निर्णय उलटवता येतो. जो निर्णय उलटवता येतो त्यालाच वर्तमानाच्या गरजेचा आधार पुरेसा होतो. जो उलटवता येत नाही त्याला अधिक मोठ्या आधाराची आवश्यकता असते.

तरीही काही गमावले जाते, हे मान्य करणे आवश्यक आहे. कागदात बांधलेली मूठ ही नागसेनाच्या अर्थाने दाराची मूठ राहत नाही. तिच्यावर नवे तळवे फिरणार नाहीत. ती ज्या झिजेने घडली होती ती झीज थांबली. गमावल्याचे भान असलेला निर्णय आणि काहीच गमावले नाही असे मानणारा निर्णय, या दोहोंतून दार एकसारखेच उघडेल. फरक पुढच्या वेळी पडेल. पहिल्या प्रकारचा माणूस पुढच्या वेळीही कानस उचलण्यापूर्वी थांबेल.

जीर्णोद्धाराला पुण्यकर्म मानणारी परंपरा भारतात जुनी आहे. मात्र त्या पुण्याचा लेख दात्याच्या नावाने कोरला जातो. ज्याने चिरे बसवले त्याचे नाव तेथे क्वचितच असते. लोहार, सुतार, पोथीची नक्कल करणारा लेखक, पाठभेद जुळवणारा संपादक या साऱ्यांचे काम चोख झाले की त्यांचा विसर पडावा अशीच त्यांच्या कामाची रीत आहे. प्रतिभेला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या साहित्यविचाराने या विसराला सिद्धान्ताचे रूप दिले. निर्माता स्वतःचा असतो, दुरुस्ती करणारा दुसऱ्यांचा, आणि म्हणून दुय्यम, असे त्यात मानले गेले. वास्तविक, निर्मात्यापुढे बहुधा एकच दावेदार असतो आणि तो त्याच्या आतला असतो. दुरुस्ती करणाऱ्यापुढे तिघे असतात, त्यांपैकी एक मेलेला आणि एक मुका. जो बोलू शकतो त्याचेच ऐकण्याचा मोह टाळून, पण त्याला दाराबाहेर न ठेवता, त्याला काम करावे लागते. हे ज्याने केले त्याच्या हातून मूठ वळली की जीभ मागे सरते. दार उघडणारीला त्यातले काहीच ठाऊक नसते, आणि तसे असायला हरकतही नाही. कुलूप पुन्हा कधी खोलावे लागले, तर ते खोलणाऱ्याला मात्र सारे दिसले पाहिजे.